वास आला की बाहेर पळा

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, “बापाचे गाल बघ, कसे गुलाबी झालेत!” अहो, तुम्हाला सांगते, गुलाबी रंगाचा एवढा संताप मला कधी आला नव्हता! मी एरवी बोलत नाही. वर्गात हजेरीलासुद्धा नुसती मान हलवते. पण आज ऐकाच.

आमचे ताताय, म्हणजे वडील, ट्यूना माशाच्या कारखान्यात. माशाचे तुकडे पिशवीत भरायचे, वर गॅस सोडायचा, की मासा आठ-आठ दिवस लालबुंद! आतून सडला तरी लालबुंद! गॅस म्हणजे लाकडाचा धूरच, पण गाळून गाळून वास काढून टाकलेला... कारण गिऱ्हाइकाला धुराची चव नको! त्यात असतो कार्बन मोनॉक्साइड. आमच्या मॅडमनी फळ्यावर लिहिलं, रंग नाही, वास नाही, चव नाही. “खनिजातून लोखंड काढायला हाच, मिथेनॉल करायला हाच. मोठा कामसू वायू, मुलींनो! फक्त रक्तात शिरला की प्राणवायूला जागा देत नाही. माणूस गुलाबी दिसतो आणि मरतो. पुढचा मुद्दा...”

सगळ्या पुढच्या मुद्द्यावर गेल्या. मी ‘गुलाबी’वरच.

कारण ताताय काम करतात त्या गॅसच्या खोलीवर पाटी काय? ‘वास आला की बाहेर पळा.’ जुन्या धुराच्या भट्टीवरची पाटी, वाया कशाला घालवायची, म्हणून इथे ठोकली! वास येणार कुठून? रंग नाही, वास नाही, चव नाही!

घरी सांगितलं, तर ताताय म्हणाले, “इंदाय, पोरी, वीस वर्षं झाली, माझं नाक कुत्र्याचं आहे,” आणि डोकं धरून बसले. त्यांची बहीण, तिता बेलेन, म्हणते कशी, “मानोय,” म्हणजे दादा, “साबण कुठला लावतोस रे हल्ली?”

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत ताताय कारखान्यातल्या भाताच्या रांगेतच कोसळले. दवाखान्यात नर्सबाईंनी बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. “नव्व्याण्णव! अहो, ठणठणीत आहेत. कलामान्सी लिंबाचं सरबत पाजा नि घरी न्या.” त्या चिमट्याला फक्त लाल रक्त दिसतं. लाल कुणी केलं, ते कळत नाही. अगदी गिऱ्हाइकासारखं!

मी कोपऱ्यात. तेवढ्यात ताताय माझ्याकडे बघून म्हणाले, “आई, तू कधी आलीस?” आणि माझ्या तोंडून किंकाळीच फुटली, “नव्व्याण्णव खोटे आहेत! गॅस आहे तो! रंग नाही, वास नाही, चव नाही!” शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. डॉक्टर धावत आले, प्राणवायू लावला... आणि संध्याकाळपर्यंत तातायांचे गाल पुन्हा चिंचेसारखे काळसर! इतका सुंदर रंग मी पाहिला नाही हो.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मुकादम अल्कोव्हर हजर, हातात मासा. लालबुंद, अर्थात! “हुशार आहेस हं पोरी! तुझं ऐकून पाटी बदलली आम्ही.” मला वाटलं, जन्मात एकदा बोलले, सार्थक झालं.

आठवड्याने ताताय कामावर गेले. दुपारी मी डबा घेऊन गेले. गॅसच्या खोलीवर नवी कोरी पाटी... ‘वास आला नाही, तर बाहेर पळा.’

मासळीच्या कारखान्यात! तुम्हीच सांगा, तिथे वास आला नाही असं कधी होईल? मी खोलीच्या काचेवर धपाधप हात मारले, खुणा केल्या, ओरडले. आतून ताताय हसले, नाकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “घाबरू नकोस इंदाय, येतोय वास!”