कॅमेऱ्यामागचा आवाज

गौरव : लाइट लागतेय काका, मतलब करंट जातोय. पण कॉम्प्युटर हिला ओळखतच नाहीये.

गिरधर : माझं पेन्शनच्या ऑफिसात असंच होतं. समोर उभा असतो, ओळखत कोणी नाही.

मंगला : अहो, इथं तरी गप्प बसा. गौरव, तू आमच्या अनंतचा दोस्त, म्हणून हार्ड डिस्क तुझ्याच दुकानात आणली बाप्पा. त्यानं केलेली लग्नांची सगळी शूटिंग हिच्यातच आहे.

गौरव : माहीत आहे काकू. वायर बदलली, मागच्या पोर्टला लावली, दुसऱ्या कॉम्प्युटरला पण लावून पाहिली. नुसती टक-टक करते. तुम्हाला कोणतं लग्न पाहिजे? खकनारचं म्हणा, नेपानगरचं म्हणा, ज्याचं लग्न त्याच्याकडं पेनड्राइव्ह असेलच ना.

मंगला : लोकांची लग्नं घेऊन काय करू? मला त्याचा आवाज पाहिजे.

गिरधर : सात वर्षं पोरगं कॅमेऱ्यामागंच उभं होतं. त्याचा स्वतःचा व्हिडिओ एक नाही. परवा त्याचं वर्षश्राद्ध आहे. भिंतीवरचा फोटोसुद्धा आधारकार्डावरून मोठा करून घेतलाय. त्यात तो तेव्हाच गेल्यासारखा दिसतो.

मंगला : शूटिंग करताना मागून बोलायचा ना तो. ‘मामा, पोट आत घ्या.’ नवरीची आई रडायला लागली की म्हणायचा, ‘मावशी, जरा थांबा, बॅटरी बदलतो, मग रडा.’

गौरव : हां, हे त्याचंच!

मंगला : चार घरी जाऊन पेनड्राइव्ह मागून आणल्या मी. सगळ्यात नुसती गाणी.

गौरव : एडिटिंग करताना आपला आवाज तो काढूनच टाकायचा काकू. म्हणायचा, गिऱ्हाइकाच्या लग्नात मी कशाला बोलू? वरून गाणं टाकायचा. ओरिजिनल सिर्फ हिच्यात.

मंगला : म्हणून तर आणली. दोन शब्द निघाले तरी पुरे.

गौरव : खोलून बघावी लागेल.

गिरधर : मंगला, तोवर समोर तीन चहा सांग. साखर कमी सांग, म्हणजे तो नेहमीएवढीच घालेल.

(मंगलाबाई रस्ता ओलांडून टपरीकडे जातात.)

गौरव : काका, हे काय? कव्हरच्या आत हळद आहे. कुंकू आहे. तांदळाचा दाणा अडकलाय!

गिरधर : दसऱ्याला अनंत कॅमेऱ्याबरोबर हिचीही पूजा करायचा. तो गेल्यावर मंगलानं ही देव्हाऱ्यातच ठेवली. आमच्याकडं आता दसरा रोज असतो.

गौरव : पूजा ठीक आहे, पण पाणी? आतली सगळी पट्टी गंजली. आणि हे बारीक भोक बघा, हवेसाठी असतं. यातून पाणी थेट शूटिंग साठवणाऱ्या तबकडीपर्यंत गेलंय.

गिरधर : रोज एक पळी. एकदा म्हटलं मी, पाणी राहू दे. तर म्हणाली, बिनआंघोळीचं पोर देवात कसं बसवू?

गौरव : तुम्ही हात धरायचा ना काका!

गिरधर : आंघोळ घालताना ती त्याच्याशी बोलायची. वर्षभरात तेवढंच काय ते बोलली. हात कुठं धरू?

गौरव : थांबा. इंदूरच्या डेटा काढणाऱ्या लॅबवाल्याला टक-टक रेकॉर्ड करून मघाशीच पाठवली होती. हा गंजाचा फोटो पण पाठवतो... आलं उत्तर.

गिरधर : काय म्हणतो?

गौरव : ‘भाई, मत भेजना.’ तबकडीच खरवडली गेली म्हणतो.

गिरधर : एक शब्दही निघणार नाही?

गौरव : एक पण नाही.

गिरधर : मग ती हळद पुसून टाक. दाणाही काढ. ती येतेय.

मंगला : सांगितला चहा. झाली का रे चालू?

गौरव : काकू... नाही होणार. आतून खराब झालीय.

मंगला : कशानं? मी तर फुलासारखी जपली तिला!

गौरव : ते काय झालं काकू, की...

गिरधर : माझ्या हातून पडली, अनंतची आई.

मंगला : कधी?

गिरधर : मागच्या महिन्यात. तू इच्छापूरला देवीला गेली होतीस. देव्हारा पुसायला घेतला, तर सटकली.

मंगला : तुम्ही देव्हारा कधीपासून पुसायला लागलात?

गिरधर : त्याच दिवशी. सवय नव्हती, म्हणून तर पडली.

मंगला : गौरव, पडल्यानंच झालं का हे? खरं सांग.

गौरव : हो काकू. पडली की आतली सुई तुटते.

मंगला : आणि मला सांगितलं नाहीत. रोज सकाळी मी तिच्यापुढं बसत होते, अन् तुम्ही नुसते बघत राहिलात?

गिरधर : बघत राहिलो.

मंगला : द्या इकडं. यापुढं हिला तुम्ही हात लावायचा नाही.

गिरधर : नाही लावणार.