पडदा बंद असंल तर

— तेच सांगतोय की मी, तो प्रोग्राम माझाच हाय. महांतेश गुरुलिंग, बाहेर पाटीवर वाचलंच असंल. आष्टीत कॉम्प्युटरचं पयलं दुकान माझं, ब्याण्णव साली. तवा लोक मशीन बघायला चपला काढून आत यायचे. बसा नीट. तुमच्या कारखान्यालाबी असलंच बसवायचंय म्हणता ना? मग ऐका — आमच्या साखर कारखान्यात बॉयलरचा दाब दाखवायला दोन पडदे, एक बॉयलरपाशी, एक इंजिनिअरसाहेबांच्या खोलीत. दोन्हीला आकडे पोचवायचं काम माझ्या प्रोग्रामचं. आता साहेबांचा पडदा सारखा बंद पडायचा — धूळ, गर्मी, लाइटीचा खेळ. मग प्रोग्राम काय करायचा? त्याला हाका मारीत बसायचा, हायेस का, हायेस का — आन् तेवढा वेळ बॉयलरचा पडदाबी अडकून. साहेब म्हणले, सोपं करा. केलं. चारशे ओळींची तपासणी काढली, एकच ठेवली: पडदा बंद असंल तर काई करू नको, गुमान पुढं जा. तक्रार न्हाई, शिटी न्हाई. लई झ्याक चाललं. साहेबांनी शाल दिली मला.

काय? हां, बॉयलरचा पडदा. त्यालाबी तीच ओळ की, वेगळी कावून लिहायची? म्हणजे त्याचं आकडे घेणारं कार्ड जरा दमलं, की प्रोग्राम त्याला बंद धरणार, नवा आकडा धाडणारच न्हाई — काचेवर मात्र जुना आकडा तसाच, उजळ. बघणाराला काय कळतंय? कळलं व्हतं म्हणा एकाला. बंकट, बॉयलरवर असायचा, शिरूर कासारचा. तीन दिवस आधी हितं आलता. बस म्हणलं तर बसला न्हाई, उभ्यानंच म्हणला, "मालक, भट्टीत चिपाड वाढवलं तरी आकडा हालत न्हाई." मी म्हणलं, तू भट्टी बघ, आकडा मी बघतो. — दाब दाखवायचं काट्याचं जुनं घड्याळ व्हतं की, पडदे आल्यावर साहेबांनीच काढायला लावलं. आन् वाफ सोडायची झडप गंजलेली, ती काय माझ्याकडं न्हाई.

भर दुपारी पाइप फुटला. मी पोचलो तवा बंकटला चादरीत घेतलं व्हतं. पडदा साबूत — आन् पाइप फुटूनबी दाब रोजचाच, साडेदहा दाखवीत व्हता. बघितलं मी. दुसऱ्या दिवशी चौकशीवाले आले, त्यांना प्रोग्राम नीट दिसला. दिसणारच, आदल्या सांजेलाच मी फ्लॉपीवरनं चारशे ओळींचा जुना परत घातला व्हता — खबरदारी हो, दुसरं काई न्हाई. त्यांनी लिहून टाकलं, बंकटला डुलकी लागली. मी कशाला मधी बोलू? त्याची बायको कडूबाई साऱ्या गावाला सांगत फिरली, माझा माणूस झोपला नव्हता म्हणून. कोण ऐकतंय.

पाणी घेतलं न्हाई तुमी. कारखान्याचं नाव दोनदा इचारलं, तेबी न्हाई सांगितलं. नाव तरी — बिभीषण. बिभीषण कुठले? शिरूर कासारचे.

बंकटचे थोरले भाऊ.

हे बघा, आता दुकान बंद करायचा टायम झाला. उठा. — दार कावून उघडता? पायरीवर कोण बसलंय ते? न्हाई, त्यांना आत बोलवू नका, बिभीषणराव, मी हात जोडतो, मी उद्या सोता येतो शिरूरला, सगळ्यांसमोर —

कडूबाई... तुमी कवापासून हितं?