श्रावणानंतरचे मेसेज

व्हय, ह्याच मोबाईलात सगळं हाय, एक मेसेज पुसलेला न्हाई — तुमी म्हणालात ना दादा, जुने मेसेज दिले की मशीन त्या माणसासारखंच लिहून उत्तर देतं, म्हणून तर बाळीवेशीतनं चालत आले. माझ्या मालकांचा हाय हा, गुरुशांतचा. श्रावणात मोहोळजवळ गाडी पलटी झाली, जाग्यावरच गेले. पण सासूबाईंना अजून सांगितलं न्हाई — त्या अक्कलकोटला नणंदेकडं, अंथरुणावर; डॉक्टर म्हणाले, धक्का सोसायचा न्हाई. मग काय करणार? मस्कतला नोकरी लागली म्हणून ठोकून दिलं — तितं फोनवर बोलायची बंदी हाय, लिहिता तेवढं येतं. नणंदेला सगळं ठाऊक हाय; ती वाचून दाखवते, सासूबाई बोलून उत्तर पाठवतात. महिन्यातनं एकदा भेटायला जाते, तवा एसटीतनं उतरायच्या आधी कुंकू लावते. लई जड जातं ते.

तारखा काय बघताय? व्हय, श्रावणाच्या आधीचे तेवढे ह्यांचे. असेच — 'बरं', 'जेवलो', 'नंतर बघू'. आईशी दोन शब्द धड बोलायचे न्हाईत. पुढचे ते लांबलचक — ते मीच लिहिलेत की. 'अव्वा, गोळ्या घेतल्या का, तुझ्या हातच्या शेंगापोळीची आठवण येते' — ह्यांनी कधी लिहिलं असतं? पण म्हातारी लई खूश. नणंदेला म्हणती, परदेशात जाऊन पोरगा सुधारला.

कुणाचे घालू म्हणताय — ह्यांचे घातले तर मशीन 'बरं' म्हणून गप बसंल. माझेच घाला. रोज संध्याकाळी गेलेल्या माणसाच्या नावानं लिहायला हात उठंना आता. मशीननं लिहावं, मी सुटावं.

काय? सासूबाईंची उत्तरंपण मशीनच घेणार? मी ऐकायची गरजच न्हाई?

'बाळा, जेवलास का, ऊन लई हाय, डोक्याला रुमाल बांध' — सकाळी उठल्या उठल्या कानाला लावते मी. त्यांना काय ठाऊक कोण ऐकतंय. माझी आई मी चौथीत असताना गेली. हे गेल्यापासनं जेवलीस का म्हणून मला कुणी विचारलं न्हाई, दादा — कुणीच न्हाई. ते एकदा ऐकते, मग ताट वाढून घेते.

न्हाई, थांबा. ती वायर काढा. काय करायचं न्हाई — द्या मोबाईल हिकडं. आजचा मेसेज लिहायचा राहिलाय माझा.