भिंतीआतली बाग

कादरसाहेब : न्हाई शेट, नऊ हात भिंत म्हंजे जेलखाना झाला. बागेला चार हात पुरे. जनावर आत आलं न्हाई म्हंजे बस.

शिवशंकरप्पा : जनावराचं भ्या न्हाई मला. माणसाचं हाय. रस्त्यानं गाडीत उभारून जाणाऱ्यालासुद्धा आतलं दिसलं न्हाई पायजे.

कादरसाहेब : देखो, मी बिदरला नवाबाच्या देवडीत, म्हंजे वाड्यात, बाग केलो. हैदराबादेत तर जनान्याच्या बागा आखलो. एवढी भिंत कुणी सांगितलं न्हाई. तिची सावली दुपारपर्यंत हटणार न्हाई. त्या अंगाला गुलाब मरंल.

शिवशंकरप्पा : मग मोगरा लावा. जाई लावा. आळंदच्या बाजारात मिळत न्हाई ते हैदराबादेतनं मागवा. मधी हौद, चालायला शहाबादी फरशी, आन् विहिरीपासनं हौदापर्यंत पाट. बसायला सावलीत कट्टा.

कादरसाहेब : हौ, ते सगळं होईल. पण फिरणार कोण, ते आधी सांगा. लेकरं असली तर झोपाळा टांगतो. म्हातारी माणसं असली तर पायऱ्या काढून टाकतो. त्याच्यावर नक्शा ठरतो.

शिवशंकरप्पा : माझी लेक, गुरुबाई. एकटीच. जावई वारले तवा एकोणीस वर्षांची होती. दोन वर्सं झाली, माझ्यापाशीच हाय. घरात बसून बसून वाळायलीय पोर. मठात गेली तर बायका कुजबुजत्यात, पाण्याला गेली तर वाट सोडून उभारत्यात. म्हणलं, तिला तिचं असं फिरायला काय तरी करावं.

कादरसाहेब : मग तिलाच इचारू की.

शिवशंकरप्पा : गुरू! ए गुरू, बाहेर ये गं. हे कादरसाहेब. तुझ्यासाठी बाग आखायलेत. सांग, फुलं कुठली पायजेत?

गुरुबाई : शरणार्थ, चाचा. काय बी लावा.

शिवशंकरप्पा : असं काय बी कसं? एवढ्या लांबनं आलेत ते.

गुरुबाई : दार कुठं ठिवायलात?

कादरसाहेब : शेट म्हणतात, एकच. माजघरातनं.

गुरुबाई : रस्त्याकडं न्हाई?

शिवशंकरप्पा : रस्त्याकडं कशाला पायजे? ती बघा, फरशीची गाडी आली वाटतं. मी उतरवून घेतो. तुमी इचारा तिला, साहेब. माझ्यापुढं ती बोलत न्हाई.

गुरुबाई : चाचा, एक ऐकता का? अप्पाला सांगा, हितं बाग येत न्हाई म्हणून. खाली खडक हाय म्हणा.

कादरसाहेब : मी पहार घालून बघितलो, बेटी. काळीभोर माती हाय. पाणी गोड. खोटं कसं बोलू? आन् कामून बोलू? बाप एवढ्या मायेनं करायलाय.

गुरुबाई : मायेनंच करायलेत, म्हणून भ्या वाटायलंय. ही बाग झाली की अप्पाला वाटंल, पोरीसाठी करायचं ते समदं केलो. मग पुढं काय करायचं राहणारच न्हाई.

कादरसाहेब : पुढं काय करायचं हाय?

गुरुबाई : संक्रांतीनंतर संतपूरचा काशप्पा आला होता, त्याच्या आत्याला घेऊन. आमच्यातलाच हाय, किराण्याचं दुकान चालवतो. बायको बाळंतपणात गेली त्याची. आमच्या लोकांत बाईचं दुसरं लगीन होतंय चाचा, उडकी म्हणत्यात त्याला. तेच इचारायला आले होते. दोन मुक्काम करून आले होते बिचारे. अप्पानं वसरीवरनंच वाटंला लावलं. पाणीसुद्धा इचारलं न्हाई.

कादरसाहेब : माणूस बरा वाटला का तुला?

गुरुबाई : त्याला कुठं बघितले मी? आवाज तेवढा ऐकले, दाराआडनं. बघितले ते त्याच्या पोरीला. तीन वर्सांची असंल. मोठी माणसं बोलायलेली, आन् ती आपली सरळ आत आली. मी तुरी पाखडायले होते. सूप बाजूला ढकललं आन् माझ्या मांडीवर बसली. बसल्या बसल्या झोपली. बाहेर अप्पाचा आवाज चढायला होता आन् मी सूप धरून तशीच बसले, ती उठंल म्हणून. मग आत्या आली आन् उचलून घेऊन गेली.

कादरसाहेब : हं.

गुरुबाई : तवापासनं काय केलं तरी मन लागंना, चाचा.

कादरसाहेब : खोटं मी बोलणार न्हाई, बेटी. पण शेटपाशी बोलतो.

शिवशंकरप्पा : दोन फरश्या फुटल्या, बाकी चांगल्या हायेत. काय ठरलं मग? मोगरा का जाई?

कादरसाहेब : शेट, रागावू नका. माझ्या पण दोन पोरी हायेत, म्हणून बोलतो. तुमच्या पोरीला बाग नको हाय. संसार पायजे.

शिवशंकरप्पा : गुरू! परक्या माणसापाशी काय बोललीस तू?

गुरुबाई : घरात कुणी इचारलं असतं तर घरात बोलले असते.

शिवशंकरप्पा : कादरसाहेब, तुमाला बागेसाठी बोलावलो मी.

कादरसाहेब : हौ. बागेचंच बोलायलोय. जिच्यासाठी करायची, तिचं मन नसंल तर कशाला करायची?

शिवशंकरप्पा : तुमाला वाटत असंल, बाप न्हाई, कसाई हाय. मग ऐका. तू बी ऐक, गुरू. माझी थोरली अक्का, नागूबाई. तुझ्यासारखीच, भरल्या वयात कपाळ पांढरं झालं. आमच्या अप्पानं तिची उडकी लावून दिली, उमरग्याच्या अंगाला. ना वाजंत्री, ना वऱ्हाड. त्या घरात तिला नावानं कुणी हाक मारली न्हाई. 'उडकीची' म्हणायचे. हळदीला हात लावू द्यायचे न्हाईत, पंगतीत बसू द्यायचे न्हाईत. ज्या लेकरांचं हागलंमुतलं काढली, ती लेकरं बी 'उडकीची'च म्हणायची. तापानं पडली तर गोठ्यात टाकली तिला. मी गाडी घेऊन आणायला गेलो. आळंदची वेस दिसायच्या आधीच गेली.

गुरुबाई : अप्पा, हे तुमी मला कधी सांगितलं न्हाई.

शिवशंकरप्पा : काय सांगू? तोंडातनं निघत न्हाई. माझ्या भिंतीच्या आत तुला कुणी वंगाळ बोलणार न्हाई, गुरू. एवढंच कळतंय मला.

गुरुबाई : व्हय अप्पा. कुणी बोलणारच न्हाई.

शिवशंकरप्पा : आखा, कादरसाहेब. दोरी धरा.

(बाग झाली. भिंत नऊ हात उठली, पाटाचं पाणी हौदात पडू लागलं, मोगऱ्यानं जीव धरला. गुरुबाई सकाळी झाडांना पाणी घालायची आणि आत निघून जायची. शिवशंकरप्पा माडीवरून बघायचा. असं वर्ष सरलं. मग एकदा तो चार दिवस बाहेरगावी गेला आणि दिवस मावळायच्या बेतात परतला तो पायही न धुता सरळ बागेतच आला.)

शिवशंकरप्पा : गुरू, ती घागर खाली ठेव. बस जरा.

गुरुबाई : किती धूळ बसलीय अंगावर! आधी पाय धुवा. कुठं गेलता? दुकानातली माणसं म्हणायलेती, तुरीच्या सौद्याला गेलेत.

शिवशंकरप्पा : संतपूरला गेलतो.

गुरुबाई : कामून?

शिवशंकरप्पा : वर्सभर माडीवरनं बघायलोय. एक दिवस या कट्ट्यावर बसली न्हाईस तू. पाणी घालतीस आन् जातीस, दुसऱ्याच्या घरी कामाला आल्यागत. म्हणलं, अक्काचं झालं ते अक्काच्या नशिबात होतं. तुझ्या बी तेच व्हईल असं मी कोण म्हणणार? काशप्पाच्या आत्याच्या पाया पडावं, म्हणून गेलो.

गुरुबाई : मग?

शिवशंकरप्पा : त्याचं लगीन झालंय, गुरू. वैशाखात. भालकीकडची हाय बाई.

गुरुबाई : घरात घेतले का तुमाला?

शिवशंकरप्पा : व्हय. जेवल्याबिगर सोडला न्हाई. एक शब्द टाकून बोलला न्हाई काशप्पा. बोलला असता तर बरं वाटलं असतं मला.

गुरुबाई : आन् पोरगी?

शिवशंकरप्पा : होती की. वसरीवर खेळायली होती.

गुरुबाई : नाव काय तिचं? त्या दिवशी इचारायचं राहूनच गेलं.

शिवशंकरप्पा : मल्लू म्हणून हाक मारायलेते. मल्लम्मा असंल.

गुरुबाई : नव्या आईपाशी जाती का?

शिवशंकरप्पा : पदर धरूनच होती तिचा.

गुरुबाई : बरं झालं... चांगलं झालं, अप्पा. झोपंत अंगठा तोंडात घालायची ती. अजून घालती का?

शिवशंकरप्पा : मी न्हाई बघितलो, गुरू.

गुरुबाई : बघायचं होतं, अप्पा.