आत उघडणारं दार

नाशिकरोडच्या दारांच्या दुकानात यशोदाबाई मोरीच्या दाराची कडी बदलून घ्यायला आल्या होत्या, पण पुढचं नवरा-बायकोचं गिऱ्हाईक काही केल्या हलेना.

“बाथरूमचं दार ना? आत उघडणार की बाहेर?” दुकानदाराने विचारलं.

“बाहेर,” नवरा म्हणाला.

“नको, आतच उघडू द्या,” बायको म्हणाली.

“स्नेहा, आई गेली त्या दिवशीचं विसरलीस? ती आत दाराला लागून पडलेली, आणि मी बाहेरून नुसता ढकलतोय. दार बाहेर उघडणारं असतं तर आई आज असती.”

“विसरले नाही. म्हणूनच सांगते.”

“दार जड लागतं म्हणून कुरकुर तूच करतेस ना?”

“लागतंच जड. रोज सकाळी.”

“लाकूड फुगलंय ते.”

“अहो, फुगलेलं दार चौकटीत अडकतं. हे आतून कुणी टेकून बसल्यासारखं लागतं.”

“मग उघडतेस कसं?”

“‘आई, जरा सरका’ म्हणते. मग उघडतं.”

यशोदाबाईंनी हातातली गंजलेली कडी पिशवीत परत टाकली.

“त्या पाठ टेकून बसतात,” बायको हळूच म्हणाली. “दार बाहेर ओढलं, तर पुन्हा पडतील ना.”

“मग कसलं काढू, साहेब?” दुकानदाराने विचारलं.

“आत उघडणारंच द्या,” नवरा म्हणाला. “आणि जरा हलकं बघा. आईला लागायला नको.”