पूर्वीला कोलंबी आवडते

पूर्वी : विचारा ना आई. थांबलात का?

धोंडूबाई : तुजा अक्षर बारीक. हां... ‘तुमचा नवरा सकाली उठल्यावर काय पितो?’

पूर्वी : ब्लॅक कॉफी. बिनसाखरेची.

धोंडूबाई : काय तरी बोलू नको. माजा दीपेश चहात दोन बटर बुडवल्याबिगर हलत नाय.

पूर्वी : ते इकडे, करावे गावात. टोरंटोला कॉफी पितो. फॉर्ममध्ये लिहिलंय त्याने.

धोंडूबाई : मना नाय बोलला कवा.

पूर्वी : मला तरी कुठे बोलला? फॉर्मवरच वाचलं.

धोंडूबाई : (खोकते) आनि ह्या सगला घोकायचा? नवरा म्हंजे काय पाढे हायत?

पूर्वी : पाणी घ्या आधी. काय करणार? सोमवारी व्हिसावाल्या मॅडमचा कॉल. मला इथे वेगळा, त्याला तिकडे वेगळा. उत्तरं जुळली नाहीत तर म्हणतील लग्न खोटं, नुसतं व्हिसासाठी केलंय. मग फाईल बंद. दोन वर्षं होतील लग्नाला, आणि एकत्र राहिलो किती? तेवीस दिवस. त्यातले चार एकवीरेला आणि पाहुण्यांकडे जेवण्यात गेले.

धोंडूबाई : बरा, बरा. ‘तुमाला जेवनात काय आवडता?’ तुज्याबद्दल काय लिवलाय त्यानं?

पूर्वी : कोलंबी.

धोंडूबाई : कोलंबी! अगो बाय, कोलंबीनं तुज्या अंगावर गांदी उठतात! गटारीला डोले सुजून बंद झालेले, रिक्षात घालून कोनी नेला तुला? तवापासून तुजा कालवन वेगल्या टोपात करते मी.

पूर्वी : लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या मावशींनी वाढली होती. मोरा बंदरावरची पोर कोलंबी खात नाही म्हटलं असतं तर सगळे हसले असते. खाल्ली. मग रात्रभर खाजवत बसले. त्याला वाटलं, शालू टोचला.

धोंडूबाई : मंग फोन करून सांग, बदल बोल.

पूर्वी : फॉर्म गेलाय. आता मलाच बदलायला लागेल. कोलंबी खूप आवडते. तांदळाच्या भाकरीबरोबर.

धोंडूबाई : ‘कंच्या कुशीवर झोपता?’

पूर्वी : उजव्या.

धोंडूबाई : डाव्या. भिंतीकडं तोंड करून, चादर डोक्यावरून. बाजूच्या खाटंवरून रोज बगते मी.

पूर्वी : त्याने उजव्या लिहिलंय, आई.

धोंडूबाई : मंग उजव्या.

पूर्वी : कधी कधी वाटतं, नाही जुळली तरी चालेल. भीती वाटते हो. तिकडे तो कामावर जाणार, मी चार भिंती बघत बसणार. आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला काय आवडतं, ते मी फॉर्मवर वाचलेलं.

धोंडूबाई : असा बोलू नको. माज्या खोकल्याच्या सोबतीला जलम काढनार काय? दीपेशचा बाबा होडीवर असायचा. लगीन झाल्यावर दोन म्हयने मी त्याचा तोंड नीट बगितला नव्हता. होतो संसार. जा तू.

पूर्वी : झालं आता. वही द्या.

धोंडूबाई : एक रायलाय.

पूर्वी : तो सोडा. तो येतो मला.

धोंडूबाई : येतो तं बोल. ‘घरात तुमच्यासोबत कोन रायता?’

पूर्वी : आई, नको ना.

धोंडूबाई : माजा नाव घ्यायला एवडा इचार? सांग, सासू रायते, धोंडूबाई. काय लिवलाय त्यानं?

पूर्वी : एजंटने सांगितलं त्याला. बाई एकटी असली की फाईल लवकर हलते म्हणे. मला विचारलंसुद्धा नाही.

धोंडूबाई : काय लिवलाय?

पूर्वी : एकटी राहते.

धोंडूबाई : एकटी.

पूर्वी : आई, मी नाही असं सांगणार. कॉफी सांगेन, कोलंबी सांगेन. हे नाही.

धोंडूबाई : सांगायचा. ‘घरात तुमच्यासोबत कोन रायता?’

पूर्वी : कोणी... कोणी नाही.

धोंडूबाई : रडून बोललीस तं त्या मॅडमला समजल. नीट बोल.

पूर्वी : कोणी नाही. मी एकटी राहते.

धोंडूबाई : हां. जुलला. किती वाजता हाय सोमवारी?

पूर्वी : अकरा.

धोंडूबाई : मंग धापासून मी देवलात जाऊन बसन. मधीच खोकला आला तं तिला आयकू जायाचा.