वरचे सूर, खालचे शब्द

मदर रिखिल्डा: हुकूम मोडायचा म्हणता का, बाई? बिशपसाहेबांचा माणूस बजावून गेलाय. ख्रिस्तशरीराच्या सणाला यंदापासून रोमहून आलेलंच स्तोत्र गायचं. आपलं जुनं कातडी पानावरून खरवडून टाकायचं.

गोडेलीव्ह: आपलं म्हणू नकोस. शब्द गेलेल्या सिस्टर आलाइडिसचे, चाल माझी. तुला ते शिकवलं तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते.

रिखिल्डा: म्हणून तर स्वतः आले. दुसऱ्या सिस्टरला पाठवता आलं असतं.

गोडेलीव्ह: उपकार झाले.

रिखिल्डा: बिशपसाहेबांच्या माणसाला शब्दच खटकले. ‘डोळ्यांनी जेवले, भुकेली राहिले.’ म्हणाला, ख्रिस्तशरीराची पवित्र भाकर मिळूनही भूक उरते, असं गाणं म्हणजे पाखंड.

गोडेलीव्ह: मिळाली कुठे होती तिला? पोटात पाणी ठरत नव्हतं तिच्या. ओकली तर भाकरीची विटंबना होईल, म्हणून आठ महिने पाद्रीबाबा नुसती दाखवून परत न्यायचे. मरायच्या दिवशीसुद्धा दाखवलीच फक्त. सांगितलंस त्याला हे?

रिखिल्डा: नाही.

गोडेलीव्ह: का?

रिखिल्डा: घाबरले. म्यूज नदीपलीकडचा मठ आठवतो ना? असाच वाद घातला त्यांनी. बिशपसाहेबांनी बंदी घातली; दोन वर्षं तिथे घंटा नाही, मिस्सा नाही. आपल्या बावीस जणींची भाकर बंद झाली असती.

गोडेलीव्ह: एकीची बंद होती, तेव्हा कोणाचं काही अडलं नव्हतं.

रिखिल्डा: बोला. मला ऐकून घ्यायलाच हवं. पण एक तोड आहे. नुसते खालचे शब्द खरवडायचे, वर खुणांनी मांडलेले सूर राहू द्यायचे. नवे शब्द त्यांच्याखाली बसतात, मी बोटांवर मोजून पाहिलंय. तुमची चाल तरी वाचेल.

गोडेलीव्ह: बसतात? गा बघू.

(रिखिल्डा हलक्या आवाजात एक ओळ गाते.)

गोडेलीव्ह: थांब. चाल अगदी खाली उतरते, तिथे कुठला शब्द आला?

रिखिल्डा: ‘जय’.

गोडेलीव्ह: तिथे ‘भुकेली’ होतं. तो शब्द म्हणताना तिचा आवाज पार बसायचा, म्हणून मी चाल खाली नेली. आता त्या खड्ड्यात उभ्या राहून तुम्ही जयजयकार करणार.

रिखिल्डा: मग सगळंच पुसू का? सूरसुद्धा? तुम्ही म्हणाल तसं.

गोडेलीव्ह: चाकू इकडे दे.

रिखिल्डा: मी करते.

गोडेलीव्ह: तू कातड्याला भोकं पाडशील. दूध आण वाटीभर, आणि थोडा कोंडा. आधी भिजू दे ते, शाई सुटेल.

रिखिल्डा: आणते. पण काय ठरलं, बाई?

गोडेलीव्ह: शब्द जाऊ देत. सूर ठेव.

रिखिल्डा: देवाची कृपा. मला वाटलं, तुम्ही ऐकणार नाही.

गोडेलीव्ह: कृपा कसली? तुला भेकड म्हणणार होते मी. तू तोड सांगितलीस आणि पहिल्यांदा मनात काय आलं, माहीत आहे? तिचं जातंय तर जाऊ दे, माझं राहतंय.

रिखिल्डा: आलाइडिसना चाललं असतं हे?

गोडेलीव्ह: नसतं चाललं. बरंच झालं, विचारायला ती उरली नाही.